तान्ह्या बाळाची सर्दी: ती येते कशी, टाळायची कशी आणि औषधाची बाटली का नको

थंडीची पहिली चाहूल लागली आणि माझी भाची सात महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन घरी आली. बाळाचं नाक वाहत होतं, रात्रभर घुरघुर चालू होती. तिने टेबलावर एक पिशवी उलटी केली. थोरल्या मुलाचं अर्धं उरलेलं लालसर खोकल्याचं सिरप, तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या, नाकात घालायच्या थेंबांच्या दोन इवल्याशा पांढऱ्या बाटल्या, आणि सासूबाईंनी फडक्यात बांधून दिलेली कापराची पुरचुंडी. "मावशी, यातलं काय देऊ आणि काय नको?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी अठरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल. पण आता नागपुरात तो विचारताना आयांच्या डोळ्यांत जी भीती असते, ती आधी नव्हती. तिचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

## त्या सिरपमध्ये काय होतं

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याची लहान मुलं एकामागून एक दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. सिरप घेतल्यावर काही दिवसांनी त्यांची लघवी बंद व्हायची. छिंदवाडा आमच्या नागपूरपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे कितीतरी मुलांना इथल्याच दवाखान्यांत आणलं गेलं. वीसहून जास्त मुलं गेली.

'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपची तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे कारखान्यांत वापरायचं द्रावक आहे, म्हणजे इतर पदार्थ ज्यात विरघळवतात असं द्रव. ते गोडसर आणि दाट असतं, औषधात चालणाऱ्या ग्लिसरिनसारखंच दिसतं. औषधात ते ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. पोटात गेलं की ते मूत्रपिंडं निकामी करतं. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. २०२२ मध्ये गांबिया देशात सुमारे ७० मुलं गेली, तेव्हाही संशय भारतातून गेलेल्या सिरपांवर होता.

छिंदवाड्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, देऊही नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

या सूचनेचा अर्थ पुष्कळांनी "भेसळीचं सिरप नको, चांगल्या कंपनीचं चालेल" असा लावला. तो चुकीचा आहे. सिरप शंभर टक्के शुद्ध असलं तरी तान्ह्या बाळाच्या सर्दीवर ते काम करत नाही. झोप मात्र आणतं, क्वचित छातीची धडधड वाढवतं, आणि डोस थोडा चुकला तर श्वास मंदावतो. फायदा काहीच नसेल, तर थोडासा धोका तरी कशाला पत्करायचा? हे का, ते कळायला सर्दी म्हणजे काय ते आधी पाहू.

## सर्दी म्हणजे नेमकं काय

सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणू जीवाणूंपेक्षा कितीतरी लहान असतात आणि आपल्या पेशींत शिरल्याशिवाय वाढू शकत नाहीत. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यातला सगळ्यात मोठा गट ऱ्हायनोव्हायरसचा, आणि एकट्या त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत.

विषाणू नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरात शिरला की शरीर तिकडे जास्त रक्त धाडतं. अस्तर सुजतं, पाण्यासारखा शेंबूड वाहू लागतो. म्हणजे शेंबूड हा शरीराने स्वतःच नाक धुवायला काढलेला पाण्याचा पाइप आहे. दोन-तीन दिवसांनी तो घट्ट, पिवळा, मग हिरवट होतो, आणि "आता छाती भरली" म्हणून घर हादरतं. त्या हिरव्या रंगाला घाबरू नका. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींत हिरवट रंगाचं एक द्रव्य असतं, त्याचाच तो रंग. एवढ्यावरून जीवाणूंचा संसर्ग झाला असं ठरत नाही.

मोठ्या माणसाला सर्दीत नुसतं बेजार वाटतं, बाळाची मात्र घुसमट होते. याची दोन कारणं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायची युक्ती त्याला अजून नीट साधलेली नसते. दुसरं, त्याच्या श्वासाच्या वाटा फार अरुंद असतात. शहाळ्याची स्ट्रॉ आठवा. तिची रुंदी निम्मी केली तर ओढायला दुप्पट जोर लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात सोळापट लागतो. आपल्या नाकात जी सूज जाणवतही नाही, तेवढ्याच सुजेने बाळाची अर्धी वाट बंद होते. म्हणून ते दूध ओढताना मध्येच स्तन सोडून रडतं. भूक असते, पण एकाच वेळी गिळणं आणि श्वास घेणं जमत नाही.

## "महिन्या-दीड महिन्याला सर्दी, बाळ अशक्त आहे का?"

नाही. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे वाढीतलंच आहे. पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त. एकेक सर्दी सात ते दहा दिवस टिकते, खोकला तर आणखी आठवडाभर रेंगाळतो. हिशेब मांडला तर वर्षातले दोन-अडीच महिने नाक वाहणारच.

बाळ जन्माला येतं ते आईने बांधून दिलेली शिदोरी घेऊन. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक जंतूला ओळखून पकडणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात. म्हणूनच वेळेआधी जन्मलेल्या बाळांची शिदोरी अर्धवट राहते आणि त्यांना जास्त जपावं लागतं. ही शिदोरी साधारण सहा महिन्यांत संपते. बाळ रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, लोकांच्या अंगाखांद्यावर फिरतं, तेही नेमकं तेव्हाच. भाचीच्या बाळाचं तेच झालं होतं. तोवर एकदाही आजारी न पडलेलं बाळ पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा शिंकत होतं आणि तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं.

## "थंडीने सर्दी होत नाही, तर हिवाळ्यातच का होते?"

नुसती थंड हवा बाळाला आजारी पाडू शकत नाही, विषाणू लागतोच. पण थंडीत विषाणूचं फावतं हे खरं. नाकातलं तापमान शरीरापेक्षा कमी, सुमारे ३३ अंश असतं, आणि ऱ्हायनोव्हायरस त्या तापमानाला जास्त जोमाने वाढतो. थंडीत आपण खिडक्या लावून एका खोलीत चौघं-पाचजण झोपतो, एकमेकांच्या श्वासातली हवा पुन्हा पुन्हा घेतो. पावसाळ्यातही तेच होतं, म्हणून आपल्याकडे फ्लूची लाट जुलै-ऑगस्टमध्येही येते.

त्यामुळे सर्दी होऊ नये म्हणून बाळाला स्वेटर, कानटोपी, दोन दुपटी आणि वर शाल असं गुंडाळण्यात अर्थ नाही. त्याने घाम येतो आणि बाळ चिडचिडं होतं. आपण जितके थर घालतो त्याहून एक जास्त, एवढं पुरे. मानेमागे हात लावून पाहा. घामेजलेली असेल तर एक थर काढा. हातपाय थोडे गार असणं हे तान्ह्या बाळात नेहमीचंच आहे.

आईने दही, केळं, काकडी किंवा भात खाल्ला म्हणून दुधातून बाळाला सर्दी होते, हेही खरं नाही. विषाणू दह्यातून येत नाही. बाळंतिणीचं ताट या भीतीपायी रिकामं होत जातं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

## मग विषाणू येतो कुठून?

घरातल्याच माणसाकडून, आणि बहुतेक वेळा हातांनी. खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांनीही तो पसरतो, पण हाताची वाट फार सोपी आहे. थोरला बालवाडीतून येतो, बाहीने नाक पुसतो, तोच हात बाळाच्या गालावर फिरवतो. बाळ आपली मूठ तोंडात घालतं, डोळे चोळतं. विषाणूला एवढंच हवं असतं. हातावर तो एक-दोन तास तग धरतो, खेळण्यावर किंवा दाराच्या कडीवर त्याहूनही जास्त. एक ते तीन दिवसांत बाळ शिंकायला लागतं. तोवर थोरल्याची सर्दी बरी होत आलेली असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी भाचीला विचारलं, गेल्या आठवड्यात घरात कोण शिंकत होतं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थोरला. आणि हो, बाबांचाही घसा धरला होता."

## टाळायची कशी

पहिल्यांदा एक गोष्ट मान्य करू. सर्दी कायमची टाळता येत नाही, ती पुढे ढकलता येते. "मग उपयोग काय?" असं कुणी म्हणेल. उपयोग मोठा आहे. आरएसव्ही नावाचा एक विषाणू बहुतेक सगळ्या मुलांना दोन वर्षांच्या आत एकदा तरी गाठतोच. दोन वर्षांच्या मुलाला त्याने बहुधा साधी सर्दी होते. दोन महिन्यांच्या बाळात तोच विषाणू फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतो, धाप लागते, ऑक्सिजन लावायची वेळ येते. विषाणू तोच, फक्त नळ्यांची रुंदी वेगळी. म्हणून पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून आणि पुढचे तीन शक्य तेवढं जपायचं.

सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे साबण. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने वीस सेकंद हात धुवायचे. प्रत्येकाने म्हणजे आजोबांनी, कामाला येणाऱ्या मावशींनी आणि थोरल्यानेही. सॅनिटायझर बाहेर असताना ठीक आहे, पण ऱ्हायनोव्हायरसवर तो तितकासा चालत नाही, साबण-पाण्याने विषाणू धुऊन जातो. भाचीला मी सांगितलं की थोरला शाळेतून आला की आधी मोरीवर हातपाय-तोंड धुवायचं, गणवेश बदलायचा, मगच बाळाजवळ. चार वर्षांच्या मुलाला "बाळाला हात लावू नकोस" म्हणून दूर लोटलं तर तो हिरमुसतो. "तू हात धुतलेस की बाळ तुझं" असं सांगितलं तर तो स्वतःच धावत जातो.

दुसरी गोष्ट पापा. चेहऱ्याचा नको, हाताचा तर मुळीच नको, कारण तो हात पुढच्या क्षणी तोंडात जातो. राहवत नसेल तर डोक्याचा घ्यावा.

तिसरी, गर्दी. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीबाहेर पडू न देण्याची रीत होती. त्यात सोवळ्या-ओवळ्याच्या ज्या गोष्टी होत्या त्या जाऊ देत, पण तान्ह्या बाळाभोवती माणसं कमी असावीत ही त्यातली समज मला पक्की वाटते. मात्र त्या खोलीची खिडकी उघडी हवी. आणि बारशाला बाराव्या दिवशी पन्नास माणसांच्या मांडीवरून बाळ फिरवायचं हे त्या समजुतीच्या अगदी उलट आहे. बारसं घरच्यांत करा. आत्याबाईंना सर्दी असेल तर कानात नाव सांगायचा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यावा, नाहीतर मास्क लावून "कुर्रर्र" करावं. थोडं अवघड वाटतं हे सांगायला. पण बाळाच्या आईला ते सांगता येत नाही, म्हणून बाबांनी किंवा आजीने पुढे होऊन सांगावं.

धुराबद्दल मी जरा कडक बोलते. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती, सगळ्यांनीच बाळाच्या नाकातलं अस्तर चुरचुरतं आणि जंतू बाहेर ढकलणारी बारीक केसांची यंत्रणा मंदावते. गॅलरीत जाऊन सिगारेट ओढून आलेल्या माणसाच्या शर्टाला आणि श्वासालाही धूर चिकटलेला असतो. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

आणि आईचं दूध. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. घरात फिरत असलेल्या विषाणूविरुद्ध आईचं शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती दुधात उतरतात. म्हणून आईला सर्दी झाली तर पाजणं थांबवू नये, ती प्रतिपिंडं तेव्हाच बाळाला हवी असतात. हात धुवावेत, मास्क लावावा आणि पाजावं. काही कारणाने वरचं दूध द्यावं लागत असेल तर त्या आईने अपराधी वाटून घेऊ नये. हात धुणं, गर्दी टाळणं, धूर टाळणं हे सगळं तिच्या बाळालाही तितकंच उपयोगी आहे.

सर्दीवर लस नाही, कारण दोनशे विषाणूंवर एक लस बनत नाही. पण सर्दीनंतर जे गंभीर आजार गाठतात त्यांवर आहेत. न्यूमोकोकल लस सरकारी दवाखान्यात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी फुकट मिळते. ६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंटमध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचं संरक्षण असतं. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. ही खासगीत विकत घ्यावी लागते, डॉक्टरांना विचारून ठरवा. आपली जी मुलं-सुना परदेशात आहेत त्यांच्यासाठी सांगते: अमेरिकेत २०२३ पासून बाळांना आरएसव्हीविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळतं, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून गरोदर बाईला २८ व्या आठवड्यानंतर आरएसव्हीची लस दिली जाते. तिथे बाळंतपण असेल तर आवर्जून विचारा.

## "इतकं जपलं तर प्रतिकारशक्ती कशी वाढणार?"

ही शंका रास्त आहे. मूल जंतूंशी ओळख करूनच घट्ट होतं. वर्षभरानंतर त्याला मातीत खेळू द्या, मुलांत मिसळू द्या, शेंबडं होऊ द्या. पण पोहायला शिकवायचं म्हणून कुणी तान्ह्याला विहिरीत सोडत नाही. पहिल्या काही महिन्यांत झालेल्या आजाराने बाळ जास्त घट्ट होत नाही. ओळख व्हायला पुढे सगळं बालपण पडलेलं आहे.

## बाळगुटी, मध, कापूर, धुरी

इथे मला जपून बोलायचं आहे, कारण हे सगळं आजी मायेने करते.

एक वर्षाच्या आत मध मुळीच नको, बोटावर चाटवायलाही नको. मधात एका जीवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा भयंकर असतं. वर्षानंतर मात्र खोकल्यावर थोडा मध खरोखर आराम देतो.

कापूर बाळाच्या जवळपासही नको. थोडासा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, आणि तो त्वचेतूनही शोषला जातो. कापराचा वास असलेले बाम दोन वर्षांच्या आत नाकाला, छातीला, कुठेच लावू नयेत.

नाकात तेल नको. ते घशाकडून श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते आणि ती लवकर जात नाही. तोंडाने नाक फुंकणं किंवा ओढणंही नको, त्यात आपलेच जंतू बाळाला मिळतात. धुरीबद्दल वर सांगितलंच. वाफ द्यायला उकळत्या पाण्याचं भांडं बाळाजवळ आणू नका. पाणी सांडून भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत आणि ती विसरता येत नाहीत.

बाळगुटीतली वेखंड, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर उगाळताना किती वेढे झाले त्यावर मात्रा ठरते, आणि सहाण व पाणी निर्जंतुक नसतं. पहिल्या सहा महिन्यांत ती नकोच. आजीला काहीतरी करायचंच असतं. तिला मालिश करू द्या, कोमट पाण्याची आंघोळ घालू द्या, मांडीवर घेऊन ओवी म्हणू द्या. बाळाला यातून मिळणारा आराम खरा असतो.

## सर्दी झालीच तर घरी काय करायचं

आता ती पिशवी. लालसर सिरप मी बाजूला ठेवलं. ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

मग नाकाच्या थेंबांच्या त्या दोन पांढऱ्या बाटल्या तिला हातात घेऊन वाचायला लावल्या. एकीवर 'सोडियम क्लोराइड' लिहिलं होतं, दुसरीवर 'झायलोमेटाझोलिन'. दोन्ही औषधाच्या दुकानात "नाकाचे थेंब" म्हणूनच मिळतात, आकारही तोच. पहिलं म्हणजे नुसतं खारं पाणी, बाळाला तेच हवं. दुसरं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करतं. तान्ह्याच्या अंगात ते शोषलं गेलं तर गुंगी येते, श्वास मंदावतो. अक्षरं इतकी बारीक की तिने मोबाइलचा टॉर्च लावला. दुसरी बाटली तिने गच्च मुठीत धरून विचारलं, "हीच मी काल रात्री घालणार होते. फेकून देऊ?" मी म्हटलं, निदान कपाटाच्या वरच्या खणात ठेव.

खाऱ्या पाण्याचे दोन-दोन थेंब दोन्ही नाकपुड्यांत, पाजायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं. मेकडं मऊ झाली की मऊ कापडाच्या टोकाने पुसून घ्यायची. आत काडी, बोट काही घालायचं नाही. दूध थोडं थोडं पण जास्त वेळा. बाळाला पाठीवरच झोपवायचं. डोक्याखाली उशी नको, नाक बंद आहे म्हणूनसुद्धा नको. रात्री उचलून उभं धरलं की बरं वाटत असेल, तर जागे राहून धरा.

तापाच्या औषधाच्या दोन बाटल्यांत आणखी एक सापळा होता. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर चौपट डोस जातो. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा कोणत्या बाटलीसाठी आहे ते बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे थोरल्याचं माप धाकट्याला चालत नाही.

## "पण गेल्या वेळी अँटिबायोटिकनेच बरं वाटलं"

अँटिबायोटिक जीवाणूंना मारतं, विषाणूंना त्याने काही होत नाही. मग बरं कसं वाटलं? सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि आपण डॉक्टरांकडे नेमके तेव्हाच जातो. तिथून पुढे ती आपोआप उतरणारच असते. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, तसं हे आहे. उलट औषधाने जुलाब होतात, आणि खरोखर गरज पडेल तेव्हा ते चालेनासं होतं. डॉक्टरांनी "औषधाची गरज नाही" असं सांगितलं तर त्यांनी काही दिलंच नाही असं समजू नका. ते सांगायलाच त्यांना जास्त वेळ आणि धीर लागतो. कानात किंवा छातीत जीवाणूंचा संसर्ग झाला असेल तर मात्र अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि मग ते सांगितलेले सगळे दिवस द्यायचं.

## दवाखाना कधी गाठायचा

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. कोणत्याही वयात बाळ दूध घेईनासं झालं, सुस्त पडलं, लघवी फार कमी झाली, ओठ-जीभ निळसर दिसली, श्वास घेताना कण्हू लागलं, झटके आले, तर तसंच निघा.

आणि श्वास मोजा. घुरघुरीच्या आवाजावर जाऊ नका. तो बहुधा नाकातलाच असतो आणि ऐकायला भीतिदायक असतो. न्यूमोनिया ओळखायची खरी खूण श्वासाचा वेग ही आहे. हे घरच्या माणसांनाही जमतं, ते आपल्याच गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या निरक्षर दाईंना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मोजता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मण्यांचं एक साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, बाजूला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा.

तुमच्या हातात मोबाइल आहे, तो पुरेसा आहे. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर दवाखाना गाठा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्यांचा श्वास मध्येच थबकतो आणि मग भरभर चालतो. आकडा कमी असला तरी श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबायचं नाही.

मी भाचीच्या बाळाला टेबलाशेजारच्या दिवाणावर निजवलं, झबलं वर केलं आणि तिला मोजायला लावलं. पहिल्यांदा तिची मोजणी पंचवीसनंतर चुकली. दुसऱ्यांदा पुटपुटत पूर्ण केली. जाताना तिने पिशवीतून एवढंच नेलं: खाऱ्या पाण्याचे थेंब, आणि तापाच्या थेंबांची बाटली, जिच्यावर बाळाचं वजन आणि डॉक्टरांना फोन करून विचारलेला डोस पेनाने लिहिला होता.

त्या रात्री सव्वादोनला माझा फोन उजळला. तिचा मेसेज होता: "४२. आत ओढलं जात नाहीये. आत्ता दूध प्याला."